मलिदा कुणाचा?

चिऊ,

तुझा निरोप तीनदा ऐकला. पहिल्या दोन वेळा मागे कुणीतरी भांडी आपटत होतं. सिनगॉगच्या, म्हणजे आपल्या यहुदी प्रार्थनागृहाच्या गटावर मी टाकलेली नोटीस तू खोलीतल्या मैत्रिणीला दाखवलीस: बुधवारी संध्याकाळी मिन्हा, अरवित (दिवसाच्या शेवटच्या दोन प्रार्थना), मग "तू बिश्वत" या झाडांच्या सणाचा मलिदा, मग जेवण. तिनं विचारलं, हा मलिदा काय प्रकार आहे? तू ताट, खोबरं, गुलाब असं वर्णन केलंस, तर ती म्हणाली, ही तर हिंदूंची पूजा वाटते. आणि आता तुझा मला प्रश्न: "पप्पा, मलिदा नक्की आपला आहे की तिकडून उचललाय? आणि मराठीत शोधलं तर सगळीकडे नगरसेवकांनी मलिदा लाटला असंच का येतंय?"

आपण बेने इस्रायल, कोकणातून इस्रायलला आलेले मराठी यहुदी, तेव्हा प्रश्न पडणारच. फोनवर दोन वाक्यांत उरकलं असतं, पण मग तू पुन्हा विचारलं असतंस. म्हणून लिहितोय. अडलं तर आजीला फोन कर, ती वाचून दाखवेल आणि वर माझ्या चुकाही काढेल.

आधी नगरसेवकांचं. मराठीत मलिदा लाटणं म्हणजे वरचा पैसा खाणं. शब्द मूळचा फारसी, मळलेलं, चुरलेलं असा त्याचा अर्थ. दर्ग्यावर पोळी कुस्करून, तूप-गूळ घालून करतात तोही मलिदाच. फुकट मिळालेला गोड घास, म्हणून पुढे तो लाचेला चिकटला असावा, असा माझा आपला अंदाज. आजी मुंबईची अशी बातमी वाचली की म्हणते, "ह्यांना पोहे धुवून कोण देतं?"

म्हणजे नाव उसनं आहे, हे मान्य. आता ताटात काय असतं ते बघ. लहानपणापासून बघतेस, पण शेजारच्या खुर्चीवर झोपून.

जाड पोहे निवडून, चाळून, धुवून निथळत ठेवायचे. भिजवायचे नाहीत, नुसते धुवायचे. एका वर्षी मी शहाणपणा करून ते पातेल्यात पाण्यात ठेवले आणि फोन घ्यायला गेलो. परत येऊन बघतो तर लगदा. साठ माणसं यायची होती. आजीनं काही न बोलता नवं पाकीट फोडलं आणि तेव्हापासून धुण्याचं काम माझ्याकडे, घड्याळाकडे बघण्याचं तिच्याकडे. मग ओलं खोबरं. इथं खवलेलं गोठवलेलं मिळतं, पण तिनं ठाण्याहून आणलेली विळी अजून आहे, आणि मलिद्याला नारळ तीच खवते, पाय दुमडून, विळीच्या पाटावर बसून. पोह्यांत खोबरं, साखर (आमच्याकडे थोडा गूळही), वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. हातानं हलकेच कालवायचं, चमच्यानं नाही, चमच्यानं पोहा मोडतो. ताटात मधोमध ढीग, भोवती पाच तऱ्हेची फळं, वर गुलाब आणि सब्ज्याची एखादी काडी.

इथपर्यंत तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं खरं. दारावरून जाणाऱ्या कुणाही कोकणी माणसाला वाटेल, सत्यनारायण आहे.

पण मग माणसं ताटाभोवती बसतात आणि काय म्हणतात ते ऐक. एलियाहू हनावीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं गाणं. तोराहमधले, आपल्या धर्मग्रंथातले आशीर्वाद, इसहाकनं याकोबला दिलेला "वेयितेन लेखा" त्यात आहेच. तुझी मैत्रीणही यहुदीच, तिच्या घरी शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) संपताना हेच म्हणत असतील, तिला विचार. मग एकेका पदार्थावर त्याची त्याची बेराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारं एक वाक्य: खजूर झाडाचं फळ म्हणून एक, केळं जमिनीचं म्हणून वेगळी. (केळ म्हणजे खरं झाड नव्हे, हे मला शाळेत नाही, मलिद्यात कळलं.) पोह्यांवर मेझोनोत ही धान्याची बेराखा, आणि गुलाब नि सब्जा का, तर वासावरही बेराखा आहे आणि ती म्हणायची तर हातात सुवासिक काहीतरी हवं. ताटातली कुठलीही वस्तू देवापुढे ठेवलेली नाही. प्रत्येकीवर एक वाक्य म्हणायचं आणि ती खायची. एवढंच.

मग एलियाहूच का? कारण आपल्यात नवस त्याच्या नावानं बोलतात. मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप व्हावं, घर मिळावं, पोरगा लष्करातून धड परत यावा. सगळ्याला मलिदा. लग्नाआधी मलिदा, नव्या घराचा मलिदा. तू दीड वर्षाची असताना तापानं फणफणली होतीस, त्याचाही केलाय. तू बिश्वतच्या मलिद्याला तर जुनी माणसं एलियाहू हनावीचा उरूस म्हणायची. उरूस! घे, आणखी एक उसना शब्द.

अलिबागजवळ खंडाळे म्हणून गाव आहे, घाटातलं थंड हवेचं खंडाळा नव्हे. तिथल्या एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू आपल्या रथातून स्वर्गात जाताना तिथं टेकला, ते चाकांचे आणि घोड्यांच्या टापांचे ठसे, असं आपले लोक मानतात. मी नऊ वर्षांचा असताना आजोबांबरोबर गेलो होतो, ठाण्याहून एसटीनं, मांडीवर पोह्यांचा डबा घेऊन. मला ते पाण्यानं झिजलेले चरे वाटले आणि मी तसं बोलून दाखवलं. आजोबा म्हणाले, "पाण्याला तरी इथं कुणी पाठवलं?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

त्या किनाऱ्याची गोष्ट तुला पाठ आहे: गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना नवगावला पुरलं. किती शतकांपूर्वी, यावर पंडितांनी भांडावं. पुस्तकं बुडाली, हिब्रू विसरली, शेमा ही प्रार्थना तेवढी राहिली. आणि शनिवारी घाणा बंद ठेवणं राहिलं, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. आता ज्यांना वार सांगायला शेजाऱ्याचा शब्द वापरावा लागत होता ते ताटाला कुठला शब्द वापरणार होते? मुंबईत आपल्या लोकांचं पहिलं सिनगॉग १७९६ मध्ये बांधलं सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी. कंपनीच्या फौजेतले होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटलो तर प्रार्थनेची जागा बांधीन असा नवस केला, असं आपल्यात सांगतात. तर त्या सिनगॉगला आपलेच लोक मशीद म्हणायचे. आणि पुण्यात डेव्हिड ससूननी बांधलेल्या सिनगॉगला अख्खं गाव लाल देऊळ म्हणतं. मशीद म्हटल्यानं तिथं कुणी नमाज पढला नाही.

सणांचं तसंच. तुझ्या पणजीनं योम किप्पूर (प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस) हा शब्द इथं येईपर्यंत फारसा वापरलाच नव्हता. तिच्यासाठी तो दारफाळणीचा सण, दारं लावून, पांढरे कपडे घालून घरात बसायचं, कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दारं उघडायची, दानधर्म आणि भेटीगाठी. रोश हशाना, आपलं नवं वर्ष, तो नव्याचा सण. तिशा बेआव हा शोकाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर. एस्तेर राणीच्या आठवणीचा पुरीम म्हणजे होळीचा सण. आणि तो होळीच्या आसपास येतो त्यात चमत्कार काही नाही. आपल्या अदार महिन्याची चौदावी आणि फाल्गुनातली पुनवेची रात्र एकाच चंद्राच्या. तिकडे अधिक मास घालतात, आपण अदार दोनदा मोजतो, दोघांची खटपट एकच, महिने ऋतूंपासून सुटू द्यायचे नाहीत. दोघांचा जादा महिना वेगवेगळ्या वर्षी पडला की मात्र होळी आणि पुरीम महिनाभर लांब जातात आणि आजीचा हिशोब चुकतो.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुझ्या मैत्रिणीनं विचारलं ते साधेपणानं विचारलं, तिच्यावर रागावू नकोस. पण हाच प्रश्न आपल्या लोकांना इथं साधेपणानं विचारला गेला नव्हता. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या कचेरीतून फर्मान निघालं, बेने इस्रायलांच्या पोरा-पोरींची लग्नं लावायची तर आधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. बाकी कुणाच्या नाही, आपल्याच. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक बायका-मुलांसकट यरुशलेमला धरणं धरून बसले, तेव्हा ऑगस्टमध्ये क्नेसेतनं, इथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत, आणि मग ते फर्मान बदललं.

आम्ही आलो ते त्यानंतर वीस वर्षांनी. तरी माझ्या आत्यानं, जी आधीपासून इथं होती, आजीला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, मलिदा करशील तेव्हा खिडकी लावून घे. आमच्या पहिल्या घरी मलिदा झाला तो तसाच, पडदे ओढून, गाणं हळू आवाजात. मी अकरा वर्षांचा. ठाण्यात आमच्या शार हशामाईम सिनगॉगमध्ये, ते १८७९ चं, अंगणात ताट मांडायचो आणि शेजारचे काका गुलाब आणून द्यायचे. तिथं खिडकी उघडी होती. ज्या देशात आपण यहुदी म्हणून आलो तिथं ती लावली. हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं आणि थोडा रागही येतो. म्हणून नोटिशीत मी मलिदा मोठ्या अक्षरांत लिहितो. तू म्हणालीस ना, फाँट जरा जास्तच मोठा आहे? आहे.

तुझी मैत्रीण मोरोक्कोवाल्यांतली ना? मग तिला हळूच विचार, पेसाह (घरात खमिराचं काही न ठेवण्याचा सण) संपल्या रात्री मिमुनाच्या सणाला त्या मुफलेता नावाच्या पोळ्या खातात त्यांचं पीठ कुठून यायचं. तिची आजी सांगेल, शेजारचे मुसलमान आणून द्यायचे. आज मिमुना साऱ्या देशाचा सण झालाय, मंत्री फोटो काढायला जातात. आपल्या पोह्यांना अजून एकही मंत्री आलेला नाही. त्यात मला फारसं दुःख नाही, साठ जणांचंच पुरत नाही.

बाकी इकडचं. गेल्या शब्बाथला मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा जण, भरायला नववा माणूस होता, दहावा नव्हता, शेवटी समोरच्या बेकरीवाल्याला बोलावून आणलं. तो येमेनचा, पण प्रार्थना संपल्यावर हातबोशीत बरोबर हात पुढे केला आणि बोटं ओठांना लावली, इतकी वर्षं बघून शिकला. प्रार्थना म्हणवणारे हझान गुडघ्यानं बेजार आहेत तरी बुधवारी येतो म्हणतात. पुरीमच्या आधी लहान मुलांचं नाटक आहे, एस्तेर राणी नऊवारी नेसणार म्हणते आणि तिच्या आईला नेसवता येत नाही, तेव्हा आजीची ड्यूटी लागली आहे. इथल्या आपल्या मराठी त्रैमासिकाचा, "मायबोली"चा नवा अंक आला की लिहायला हवं असं ती दर तीन महिन्यांनी म्हणते, या वेळी खरंच दोन पानं लिहिली आहेत, बिरड्यावर. पेसाहच्या आधी स्वयंपाकघराचा नळ बदलायचा आहे, त्याची वर्गणी मलिद्यालाच मागणार, पोटं भरल्यावर.

तू बुधवारी दुपारच्या गाडीनं निघालीस तर वेळेत पोचशील. मैत्रिणीलाही आण. सब्जा बाल्कनीत आहे, गुलाब नाहीत, ते हैफाहून आण, वासाचे हवेत, नुसते दिसायला चांगले नकोत. आणि रिकामा डबा आणा दोघी, मी या वेळी तीन किलो पोहे धुणार आहे.

पप्पा