पत्र मुलीबद्दल आहे, मुलीचं नाही

नांदेडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीला बारावीला ८१ टक्के, नीटच्या दुसऱ्या प्रयत्नात ७२० पैकी ४३१. आता तिसऱ्या प्रयत्नासाठी लातूरची रिपीटर बॅच. मुलगी म्हणते, वाचताना डोळे आणि मेंदू काय करतात ते शिकायचंय. ‘मेंदूचंच वेड असेल तर आधी एमबीबीएस, मग न्यूरोलॉजी. बरोबर ना?’

साहेब, नाही. पण आधी दुसरंच सांगते. तुमच्या दीड पानात ‘आम्ही ठरवलं’ चार वेळा आलंय. मुलीचं म्हणणं एका ओळीत उरकलंय, तेही ‘खूळ’ म्हणून. दोन वर्षं एमसीक्यू सोडवूनही जिचं कुतूहल शाबूत आहे, तिच्या खुळाची मला काळजी नाही. तिसऱ्या वर्षाची आहे.

आता गैरसमज. न्यूरोलॉजिस्ट फिट्स, पक्षाघात यांवर उपचार करतो. ही म्हणते ते काम निराळं. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो, आणि दर उडीनंतर साधारण पाव सेकंद टेकतो. ‘आईनं पानात गरम गरम चपला वाढल्या’ हे वाचताना ‘चपला’पाशी अडखळलात ना? तेव्हा ईईजीत, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखात, सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक लाट उमटते. तिला एन४०० म्हणतात. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती १९८०मध्ये दाखवली. गंमत अशी, की लाट शिगेला पोचेपर्यंत डोळा बहुधा पुढच्या शब्दावर गेलेला असतो, म्हणजे दोन शब्दांच्या लाटा एकमेकींत मिसळतात. त्यात डोळा स्वतःच एक छोटी बॅटरी. तो हलला की ईईजीत मेंदूच्या लाटेहून मोठा खळगा पडतो. हा गुंता संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंगनं सुटतो, स्टेथोस्कोपनं नाही. म्हणूनच तिनं अकरावीला गणित सोडलं, हे मला ४३१पेक्षा जास्त खटकलं. ते आता भरून काढावं लागेल.

वाट साधी आहे: मानसशास्त्र किंवा संगणकाची पदवी, मग आयआयटी गांधीनगर किंवा अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्सची, म्हणजे मन आणि मेंदू कसं काम करतात त्या शास्त्राची, एमएस्सी. माणसांवर उपचारच करायचे असतील तर बीएएसएलपी, म्हणजे वाचा आणि श्रवणदोषांवरच्या उपचारांची पदवी आहे, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. संशोधनात नोकऱ्या ढिगानं नाहीत, पीएचडीशिवाय निभाव नाही. हे लपवत नाही.

बॅचची फी भरण्याआधी एक करा. तिला समोर बसवून पेपर वाचायला द्या, फोनवर तिच्या डोळ्यांचा व्हिडिओ घ्या आणि सावकाश लावून बघा. उड्या दिसतील. त्या कशाच्या, ते तिलाच विचारा. आणि पुढचं पत्र तिच्या अक्षरात येऊ द्या.