तुझ्या सूत्रात वार कुठंय?

"मॅडम, नेटच्या अर्जात विषय एकच निवडता येतो. तीन रात्री मी त्या एका रकान्यापाशी अडकून बसलेय."

नेट म्हणजे कॉलेजात शिकवण्याच्या पात्रतेची देशपातळीवरची परीक्षा. मी करिअरचा सल्ला देते, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांची तक्रार बहुधा उलटी असते. एकही विषय मनापासून आवडत नाही, आता काय करू? या मुलीला तीन आवडत होते आणि त्याची तिला लाज वाटत होती. आपण तिला मेघना म्हणू. (नाव बदललंय, गावाच्या खुणा पुसल्यात, आणि तिला विचारूनच लिहितेय.) वय २८. भूगोलात एम.ए., लघुप्रबंध स्वतःच्या तालुक्यातल्या आठवडे बाजारांवर. मग चार वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी. दुकानांच्या साखळ्यांना नवी शाखा कुठं उघडावी याचा सल्ला देणारी ही कंपनी. तिथंच रात्री जागून ती प्रोग्रॅमिंग शिकली आणि पडद्यावर बोट फिरवलं की बदलणारे नकाशे करायला लागली. आता तिला पीएच.डी. करून शिकवायचं होतं. पण कुठल्या विभागात?

"भूगोलवाले म्हणतात, तू आता मार्केटिंगवाली झालीस. एमबीएवाले विचारतात, भूगोल म्हणजे ते नद्या-डोंगर ना? आणि कोडिंगवाल्यांशी बोलायला लागले की दोन मिनिटांत त्यांना कळतं, ही संगणकशास्त्र शिकलेली नाही." थोडं थांबून वडिलांचं सांगितलं, "अण्णा म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या."

चिंध्यांचीच गोधडी होते, असा दाखला देऊन मला सुटता आलं असतं. पण नेटच्या यादीत गोधडी हा विषय नाही.

त्या पहिल्या भेटीत मी जे केलं ते सांगायला हवं. मी हिशेब मांडला. वय, अनुभव, पगार, घरची जबाबदारी. आणि तासाभरात तिला एमबीए सुचवून मोकळी झाले. अनुभव आहेच, पदवी जोडलीस की पुढे व्यवस्थापनाच्या कॉलेजात शिकवायलाही जाता येईल, वगैरे. तिनं मान हलवली, आभार मानले, गेली. तीन आठवडे काहीच नाही. मग चार ओळींची मेल आली. त्यातली शेवटची ओळ: "मॅडम, तुम्ही माझ्या गुणपत्रिका बघितल्या, माझं काम नाही बघितलं."

वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर अशी ओळ झोंबते. खरी होती म्हणून जास्तच. मी तिला परत बोलावलं, लॅपटॉप घेऊन.

दुसऱ्या भेटीत बोलणारी ती होती, ऐकणारी मी. तिनं आधी तिच्या कंपनीतला एक जुना नकाशा दाखवला. विक्री कमी तिथं लाल, जास्त तिथं हिरवं. अर्धा जिल्हा लालभडक. साहेब तो बघून घाबरायचे म्हणे. "पण मॅडम, हा लाल तालुका नुसता आकारानं मोठा आहे. तिथं माणसंच कमी राहतात. डोळा क्षेत्रफळ बघतो आणि मेंदू त्याला तोटा समजतो." जाक बेर्तां या फ्रेंच नकाशाकारानं १९६७ साली हेच सविस्तर मांडून ठेवलंय, की 'किती' हे सांगायचं असेल तर खुणेचा आकार वापरावा आणि 'कुठल्या प्रकारचं' हे सांगायचं असेल तर रंग. मेघनानं रंग काढून लहानमोठी वर्तुळं टाकली आणि साहेबांची घबराट ओसरली. तिची मात्र झोप उडाली ती त्या दिवसापासून.

मग दुसरा नकाशा. "समजा मॅडम, तुमच्या घरापासून एक किलोमीटरवर २,००० चौरस फुटांचं दुकान आहे, आणि तीन किलोमीटरवर ८,००० चौरस फुटांचं. तुम्ही कुठं जाल?"

"काय घ्यायचंय त्यावर आहे."

"तेच!" ती खुर्चीत पुढे सरकली. डेव्हिड हफ या अमेरिकी अभ्यासकानं १९६४ साली मार्केटिंगच्या एका नियतकालिकात हे सूत्र मांडलं. दुकान मोठं तितकी ओढ जास्त, अंतर मोठं तितकी ओढ कमी. म्हणून आकाराला अंतरानं भागायचं. पण अंतर किती जाचतं हे मालावर ठरतं. दूध-भाजीसाठी ते फार जाचतं, म्हणून अंतराचा वर्ग घेऊ. जवळचं दुकान २,००० भागिले १, म्हणजे २,०००. लांबचं ८,००० भागिले ९, म्हणजे साधारण ८८९. शंभरातली ६९ माणसं जवळच्या दुकानात जातील. सोफा घ्यायचा असेल तर अंतर तितकं जाचत नाही. मग वर्ग न करता नुसत्या अंतरानं भागू. जवळचं २,०००च राहिलं, लांबचं झालं २,६६७. आता शंभरातली ५७ माणसं लांब जातील.

तिच्या पडद्यावर या जाचासाठी एक स्लायडर होता. तो मी सरकवला. लांबच्या दुकानाचा रंग शाई सांडावी तसा गल्लीगल्लीतून माझ्या घराकडे आला. मागे नेला तर आटला. मी तो खेळ पाच मिनिटं करत बसले, हे कबूल करते.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी खरं तर पहिल्याच भेटीत यायला हवी होती. पडद्यावरच्या त्या रंगाच्या पट्ट्याला ती भूगोलाचं बोलताना 'प्रभावक्षेत्र' म्हणत होती, कंपनीचं बोलताना 'कॅचमेंट' आणि कोडचं बोलताना 'पॉलिगॉन'. पट्टा एकच. माझ्यासमोर तीन करिअर मांडून ठेवलेली नव्हती. एकाच गोष्टीकडे चार वर्षं टक लावून बघणारी मुलगी बसली होती, आणि दर वेळी समोरचा माणूस बदलला की ती त्या गोष्टीचं नाव बदलत होती.

तिला मी विल्यम ॲपलबाउम यांच्याबद्दल सांगितलं. मूळचे भूगोलाचे. १९३०च्या दशकात अमेरिकेत क्रोगर या किराणा दुकानांच्या साखळीत कामाला लागले. गिऱ्हाइकांना दुकानातच गाठून पत्ते विचारायचे आणि नकाशावर एकेक ठिपका लावत जायचे, म्हणजे दुकान खरोखर कुठून भरतं ते दिसतं. पुढे ते हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवायला गेले. "म्हणजे माझ्यासारखं माणूस होऊन गेलंय?" तिनं विचारलं. अशा मुलांना दिलासा नको असतो, पूर्वज हवा असतो, असं मला बऱ्याचदा वाटतं. पण पूर्वज दाखवून रकाना भरत नाही, हेही खरं.

तिसऱ्या भेटीला अण्णा आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. मुलीला कोण काय पढवतंय ते बघायला आले होते, आणि तसं त्यांनी स्वच्छ सांगितलंही. "मॅडम, नोकरी चांगली चाललीय. हिच्या वयाच्या मुली घर घ्यायला लागल्या. हे नकाशे करून कुठल्या कॉलेजात चिकटणार ही?"

प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, वर्षानुवर्षं शिकवणारी नेट किंवा सेट (नेटसारखीच राज्याची परीक्षा) झालेली मुलं मला ठाऊक आहेत. तेव्हा मी वाद घातला नाही. मेघनाला म्हटलं, गुरुजींना तोच नकाशा दाखव, फक्त दुकानं काढून तुझ्या एम.ए.चे बाजार घाल. तिच्याकडे ते तयारच होतं. बाजाराची अकरा गावं, कुठं किती विक्रेते बसतात त्याची मोजदाद, गावागावांतली अंतरं.

गुरुजींनी चष्मा लावला, आधी आपलं गाव शोधलं. नकाशा सांगत होता, गावातली बहुतेक माणसं चार किलोमीटरवरच्या छोट्या बाजाराला जातात.

"खोटंय हे."

"अण्णा, सूत्रानं आलंय."

"सूत्रानं येऊ दे नाहीतर कशानं. आम्ही कधी गेलो तिथं? तालुक्याला जायचो, गुरुवारी. अकरा किलोमीटर, एसटी नसली तर चालत."

"का पण?"

"बागायतदार मजुरांचा हिशेब बुधवारी संध्याकाळी करायचे. जवळचा बाजार सोमवारचा. सोमवारी खिशात काय असणार, भोकं?" मग चष्मा काढून त्यांनी मुलीकडे बघितलं, वर्गात फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोराकडे बघावं तसं. "तुझ्या सूत्रात वार कुठंय?"

मेघना गप्प. मला क्षणभर भीती वाटली की ती आता खचणार. तिनं माझ्या टेबलावरचं पेन उचललं, स्वतःच्या फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूला 'वार' असं लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. "अण्णा, नाहीये. हफच्या सूत्रात वार नाहीये. त्याची दुकानं रोज उघडी असतात."

त्या दिवशी माझं काम खरं तर तिथंच संपलं होतं. पुढचा तासभर बापलेक बोलत होते आणि मी चहा मागवत होते. मजुरीचा वार, बैलबाजाराचा वार, उपासाचा वार, लेकी माहेरी येतात तो वार.

चौथ्या भेटीत रकान्याचा प्रश्न काढला, तर तो आपोआप लहान झालेला. आतापर्यंत ती विचारत होती, मी कुठल्या विषयाची? आता तिच्याकडे प्रश्न होता: बाजाराचा वार ठरलेला असताना माणसं अंतर आणि वार यांची तडजोड कशी करतात? कुठं जातात हे शोधायला भूगोल लागेल. का जातात, यासाठी गिऱ्हाइकाच्या निवडीचा अभ्यास, म्हणजे मार्केटिंग. आणि तो हलता नकाशा? तो सजावटीला नाही. अण्णांना कागदावरची प्रश्नावली दिली असती तर त्यांनी "जवळच्या बाजाराला जातो की लांबच्या" समोर टिकमार्क करून कागद परत केला असता. नकाशा चुकीचा दिसला म्हणून ते बोलले. म्हणजे पडदा हीच तिची प्रश्नपत्रिका. बाजारात टॅब्लेट घेऊन बसायचं, माणसांना त्यांचं गाव दाखवायचं आणि त्यांच्याकडून चुका काढून घ्यायच्या.

व्यवहाराचं बोलणं मग पटापट झालं. नेटच्या रकान्यात भूगोल, कारण पदव्युत्तर पदवी भूगोलाची आहे आणि कॉलेजच्या जाहिराती विषयवार निघतात. छाननीच्या टेबलावर पदवी आणि नेट एकाच विषयाचे असले की निम्मे वाद टळतात. सोबत महाराष्ट्राची सेटही द्यायची, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती. पीएच.डी.ची नोंदणी भूगोलात, मार्गदर्शक भूगोलाचे. सहमार्गदर्शक मात्र व्यवस्थापनाच्या विभागातून शोधायचे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या पीएच.डी. नियमांत दुसऱ्या विभागातला, अगदी दुसऱ्या संस्थेतलाही सहमार्गदर्शक घ्यायला मुभा आहे, फक्त मंजुरी घ्यावी लागते. ही गोष्ट निम्म्या मुलांना माहीतच नसते आणि ती दोन वर्षं उगाच 'आंतरविद्याशाखीय' असा फलक लावलेला विभाग शोधत फिरतात. तिला मी एक दिवस पवईला आयआयटीतही पाठवलं. दूरसंवेदनाचं, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्याचं, काम करणारं केंद्र, व्यवस्थापनाचं स्कूल आणि १९६९पासूनचं आयडीसी हे डिझाइनचं विद्यालय, तिन्ही एकाच आवारात. तिथं प्रवेश घ्यायचाच असं नाही. पण तिथंही संशोधक विद्यार्थ्याचं नाव कुठल्या तरी एकाच विभागाच्या वहीत असतं आणि कामासाठी पाय मात्र इतर इमारतींत फिरतात, हे तिनं डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू.

नोकरी एकदम सोडू नकोस, हे मी गुरुजींसमोरच सांगितलं. २०२१च्या फेब्रुवारीत केंद्रानं नकाशांच्या माहितीवरचे परवाने बरेच सैल केले, २०२२ अखेर राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आलं. भारतीय कंपन्यांना अशी माणसं लागतात. प्राध्यापकी लांबली तर परतीची वाट बंद नाही. गुरुजींना हे वाक्य सगळ्यात जास्त आवडलं. मेघनाला सगळ्यात कमी.

यानंतरचं भराभर सांगते. नेट पहिल्या वेळी काही गुणांनी हुकली, दुसऱ्या वेळी निघाली. भूगोलाच्या मार्गदर्शक बाईंनी विषय ऐकल्यावर तिला जी. विल्यम स्किनर यांचे लेख वाचायला दिले. चीनमधल्या खेड्यांचे बाजार ठराविक दिवसांच्या फेऱ्यांत कसे बसवलेले असतात, यावर या मानववंशशास्त्रज्ञानं १९६४-६५मध्ये तीन भागांत लिहिलंय. हफ आणि स्किनर, साल जवळजवळ एकच, आणि एकाच्या सूत्रात वार नाही तर दुसऱ्याचा सगळा खेळच वारांवर. मेघनानं मला रात्री अकराला फोन करून हे सांगितलं. मी झोपले होते.

सहमार्गदर्शक मिळायला आठ महिने लागले. दोघांनी "हे आमच्याकडे बसत नाही" म्हणून परत पाठवलं. त्या दिवसांत ती पुन्हा त्याच जुन्या सुरात बोलायची, मी कुठलीच नाही म्हणून. मी काही समजूत घातली नाही. फाइलच्या मागची ती गोल केलेली अक्षरं काढून दाखव, एवढंच म्हणायचे. नोंदणी झाली. आता ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, उरलेल्या वेळात जुन्या कंपनीचं काम घरून करते. कायम नोकरीचं अजून काही नाही.

गेल्या महिन्यात तिनं नकाशाचा दुवा पाठवला. खाली सात वारांची सात बटणं. सोमवार दाबला की एक गाव फुगतं, गुरुवार दाबला की तालुका सगळ्यांना ओढून घेतो. मी बराच वेळ बटणं दाबत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. गुरुजी.

"मॅडम, बघितलात ना? शनिवारचा बाजार तिनं चुकीच्या गावाला टाकलाय. माझं ऐकत नाही, तुम्ही सांगा."