फॅशनला जायचंय म्हणणाऱ्या मुलीच्या बाबांसाठी – रविवारी पैसे भरू नका

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नाशिकला सिडकोत राहता, मुलगी बारावी सायन्स झाली, वह्या भरून ड्रेसची चित्रं काढते, फॅशन डिझाइनचे क्लासवाले म्हणतात रविवारपर्यंत पूर्ण फी भरली तर तीस हजार कमी, आणि घरातले म्हणतात शिंपीकामच करायचं तर एवढे पैसे कशाला. यातलं एकेक वाक्य २०१७ साली आमच्या घरात बोललं गेलंय. म्हणून जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

तीस हजार सुटतील म्हणून घाई करू नका. आम्ही केली.

माझ्या लेकीची पण चित्रकला चांगली, इंटरमिजिएटला ए ग्रेड. तेव्हा एका संस्थेनं शाळेत येऊन करिअर मार्गदर्शन केलं, चाचणी घेतली आणि निकालात आलं 'फॅशन डिझायनर'. त्या दिवशी चाचणी दिलेल्या जवळपास सगळ्याच मुलींना तेच आलं होतं हे मला फार नंतर कळलं. दोन वर्षांचा डिप्लोमा, फी दोन लाख चाळीस हजार. आम्ही कर्जासाठी बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट बघितले आणि म्हणाले, ताई हा कोर्स कुठल्याच विद्यापीठाशी जोडलेला नाहीये, आम्हाला कर्ज देता येणार नाही. मला इतका राग आला त्यांचा, वाटलं मुलीची जात म्हणून अडवतायत, शिंप्याचं काम म्हणून हलकं समजतायत. घरी येऊन एफडी मोडली आणि सगळे पैसे एकदम भरले. दादा, माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. तो माणूस खरं बोलत होता आणि आम्ही त्याचं ऐकून एक दिवस तरी थांबायला हवं होतं. सर्टिफिकेटवर परदेशातल्या कुठल्यातरी संस्थेचं चिन्ह होतं, त्यालाच आम्ही भुललो.

दुसऱ्या वर्षी तिला महिनाभर मुंबईला एका गारमेंट युनिटमध्ये पाठवलं. तिथे ती डिझाइनच्या टेबलाजवळ कमी आणि पॅटर्न मास्टरांच्या, म्हणजे कपड्याचे कागदी नमुने काढणाऱ्यांच्या, शेजारीच जास्त उभी राहिली. एका साइजच्या कागदी पॅटर्नवरून बाकीचे साइज कसे काढतात, म्हणजे ग्रेडिंग, मग ते तुकडे कापडावर असे बसवायचे की चिंधी कमीत कमी निघेल, ज्याला मार्कर म्हणतात. कपड्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच असतो, त्यामुळे एका शर्टामागे चार बोटं कापड वाचलं तरी हजारो शर्टांच्या ऑर्डरमध्ये केवढे पैसे वाचतात ते त्या मास्टरांनी तिला हिशेब करून दाखवलं. रात्री फोनवर ती नुसती बोलत होती, बोलत होती. माझ्या मुलीचं गणित चांगलं आहे हे मला माहीत होतं, पण कपड्यांच्या धंद्यात गणिताला जागा आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं आणि त्या मार्गदर्शनवाल्यांनी तर विचारलंच नाही.

मग पुढे शिकायचं म्हटलं तर दार बंद. डिप्लोमा पदवी म्हणून कुठेच धरत नव्हते. संस्थेत चार खेटे मारले, दर वेळी नवीन माणूस, 'अ‍ॅफिलिएशनचं काम चालू आहे' एवढंच उत्तर. शेवटी नोकरी करत करत तिनं आपल्या मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं, तीन वर्षं, रविवार नाही का सणवार नाही. आज ती एका एक्स्पोर्ट हाऊसमध्ये मर्चंडायझिंगला आहे, म्हणजे गिऱ्हाइकाची ऑर्डर कारखान्यातून ठरल्याप्रमाणे पुरी करून घ्यायचं काम, छान चाललंय. पण ती वर्षं आणि ते पैसे वाचले असते, म्हणून जीव तुटतो तुमच्यासाठी.

आता तुमच्या मुलीचं. तिला बारावीला गणित होतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. निफ्टमध्ये (ही केंद्र सरकारची फॅशनची संस्था, मुंबईचा कॅम्पस खारघरला आहे) चित्र काढणाऱ्यांसाठी बी.डेस. म्हणजे डिझाइनची पदवी आहे आणि त्यातही नुसतं फॅशन डिझाइन नाही, टेक्स्टाइल, निटवेअर, लेदर, अ‍ॅक्सेसरी, फॅशन कम्युनिकेशन असे वेगवेगळे विषय आहेत. पण त्याच निफ्टमध्ये बी.एफ.टेक. म्हणजे अ‍ॅपरल प्रॉडक्शन (कारखान्यात कपडे तयार करण्याचं तंत्र) पण आहे, त्याला गणित लागतं आणि आपल्याकडे त्याचं नाव क्वचितच कोणी घेतं. पदवीनंतर एमएफएम आहे, फॅशन मॅनेजमेंट, त्याला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, अगदी बीकॉमवालासुद्धा. म्हणजे आत्ता साधी पदवी करून नंतर या लाइनला येता येतं. अर्ज बारावीच्या वर्षातच थंडीच्या दिवसांत निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास होते, त्यामुळे या वर्षीची गेली असेल. पण वयाची अट चोवीसच्या आत अशी आहे, एका वर्षानं काही बिघडत नाही. अटी बदलत असतात, तेव्हा चालू वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा, माझ्यावर जाऊ नका. कापडाच्या इंजिनिअरिंगसाठी इचलकरंजीचं डीकेटीई आहे, मुंबईला व्हीजेटीआय आहे, ते वेगळं क्षेत्र पण त्याच धंद्याचं.

आणखी एक. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षणाची आणि परीक्षेची फी माफ केली, पण ती मान्यताप्राप्त कॉलेजात, सरकारी प्रवेश प्रक्रियेतून गेलं तरच. म्हणजे मान्यता नसलेल्या क्लासमध्ये तुमचे तीस हजार वाचतील आणि इकडे अख्खी फी माफ होण्याची संधी जाईल. क्लासवाल्यांना एकच विचारा, सर्टिफिकेट कोणत्या विद्यापीठाचं आहे, लेखी द्या. नाव सांगितलं तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या, यादीत तपासा. आढेवेढे घेतले तर उठून या. सगळेच क्लास वाईट असतात असं मी म्हणत नाही, प्रवेश परीक्षेची तयारी किंवा सॉफ्टवेअर शिकायला काही चांगले असतीलही, पण तेवढ्याचेच पैसे द्या.

आणि कोर्सच्या आधी तिला काम बघू द्या हो! आपल्याच जिल्ह्यात एवढं आहे. एक दिवस येवल्याला न्या, पैठणीच्या मागावर. पदराच्या मोराला रंगागणिक वेगळी कांडी लागते, धागे मोजून नक्षी उतरवतात, रेशीम बंगळुरूचं, जर सुरतेची, हे सगळं तिला विणकराच्या तोंडून ऐकू द्या. दुकानात बसून साड्या बघू नका, मागावर जा आणि विणकराचा वेळ घेताय तर त्याच्याकडून निदान एखादी छोटी वस्तू घ्या. मग एक दिवस मालेगाव, पॉवरलूम, तो आवाज, बीम भरणं म्हणजे ताण्याचे धागे मोठ्या रुळावर गुंडाळणं, सायझिंग म्हणजे त्या धाग्यांना खळ देणं. तिसऱ्या दिवशी तुमच्या ओळखीच्या चांगल्या लेडीज टेलरकडे कटिंग टेबलाशेजारी. मी तर म्हणते आठ दिवस तिथे बसू दे. काज-बटण करायला लागलं तरी करू दे. घरी आल्यावर काय आवडलं असं विचारू नका, काय करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही असं विचारा. रंग म्हणाली तर टेक्स्टाइल, मोजमाप म्हणाली तर पॅटर्न आणि प्रॉडक्शन, टेलरशी आणि गिऱ्हाइकांशी बोलण्यातच रमली असेल तर मर्चंडायझिंग किंवा दुकानाची मांडणी, म्हणजे व्हिज्युअल मर्चंडायझिंग. चूक शोधायची सवय असेल तर क्वालिटी आणि टेस्टिंग लॅब. तिथे कापडाचा शंभर चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून ग्रॅममध्ये वजन करतात, शंभरानं गुणलं की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, रंग धुतल्यावर टिकतो का, आटतं किती, हेच रोजचं काम. आणि चित्रच म्हणाली तर चित्राला पण रस्ता आहेच. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या जे.जे.मध्ये चित्रकला शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढायच्या, तिथून सिनेमाच्या वेशभूषेकडे गेल्या आणि १९८३ साली 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

'शिंपीकाम' म्हणणाऱ्या नातेवाइकांबद्दल मात्र राहवत नाही. आमच्याकडे एका लग्नात लेकीच्या तोंडावर कोणीतरी म्हणालं, मशीनवरच बसायचं होतं तर बारावी कशाला केली. पोरगी ताटावरून उठली. चांगला पॅटर्न मास्टर मिळत नाही म्हणून युनिटवाले किती फिरतात ते या लोकांना माहीत नाही. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग, सुईंग टेक्नॉलॉजी असे एका वर्षाचे ट्रेड आहेत, फी अगदी थोडी, आणि हातात पक्कं काम येतं. वर्ष मोकळं जाणार असेल तर मी पहिल्यांदा तिकडे चौकशी करेन. हात बसलेली मुलगी पुढे डिझाइनला गेली तरी कारागिराशी बरोबरीनं बोलते, माझ्या लेकीला नोकरीत याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

मी काही या क्षेत्रातली तज्ज्ञ नाही, एका मुलीची आई आहे, एवढंच धरून वाचा. गणित होतं का आणि मार्क किती ते कळवा. आणि मुलीला स्वतःला इथे लिहायला सांगा, माझ्या लेकीला मी तिच्याशी फोनवर बोलायला सांगते, रविवारी तिला सुट्टी असते.