पायी वारी करून पंढरपूरला पोचल्यावर वारकरी पुढं काय करतात? आनंद साजरा करतात का?

तुम्ही विचारलंय की एवढे दिवस चालून पोचल्यावर नुसतं दर्शन घेऊन गाडी धरतात की शेवटी सगळे मिळून काही करतात. करतात की! पण दर्शनाचं आणि त्याचं गणित वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी खानापूर तालुक्यातला, बेळगाव जिल्हा. आमच्या गावातनं चालत जातात ते माघीला, कारण सरळ आहे, आषाढीच्या टायमाला शेतात भाताची कामं असतात, माघापर्यंत सुगी आटपून भात घरात आलेलं असतं. (आषाढीला आमच्या जिल्ह्याचा मान वेगळाच, माउलींच्या पालखीचे घोडे चिकोडीकडच्या अंकलीतनं, शितोळे सरकारांच्या वाड्यातनं आळंदीला चालत जातात, पुण्याकडच्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतंय.) आमची वाट बेळगाव, संकेश्वर, चिकोडी, मग कृष्णा ओलांडून मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला. अडीचशे किलोमीटरच्या आसपास, दिवसाला 20-25 किलोमीटर. पाऊस नाही पण पहाटेची थंडी हाडात शिरते आणि रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, फुल्ल आवाजात गाणी लावून.

दशमीला पोचलो, चंद्रभागेत आंघोळ, पुंडलिकाचं दर्शन, एकादशीला नगरप्रदक्षिणा. दर्शनाची रांग पार गोपाळपूर रोडच्या पत्राशेडपर्यंत, म्हणून आमच्यातली निम्मी म्हातारी माणसं नामदेव पायरीला हात लावून, कळसाला हात जोडून समाधानानं परत येतात. मी पहिल्याच वर्षी हट्टानं रात्रभर रांगेत उभा राहिलो, वाटलं होतं विठोबासमोर गेल्यावर रडू कोसळणार, तर पायावर डोकं टेकतंय न टेकतंय तोवर मागनं पुढं सरकवलं पण, रडू बिडू काही आलं नाही.

खरी मजा बारशीला (म्हणजे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला), काल्याच्या कीर्तनाला. आषाढीचा मोठा काला पौर्णिमेला गोपाळपुरात होतो, पण आमची दिंडी माघीला बारशीलाच आपल्या राहुटीत काला करते. आता इथं एक सांगायला पाहिजे. चिकोडीजवळ एका शाळेत मुक्काम होता, अख्ख्या खोलीत प्लग एकच, आणि मी एका मामांचा मोबाइल काढून माझा लावला होता. मामा पासष्टीचे, शेजारच्या गावचे. तिथनं पंढरपूरपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, चहाचा कप पुढं केला तरी तोंड फिरवायचे.

तर कीर्तन संपलं, बांबूला टांगलेली हंडी फुटली, दही-पोहे-लाह्या-लोणचं सगळं एकत्र, आणि काला कुणी आपला आपण खात नाही, एकमेकाच्या तोंडात भरवायचा असतो. मामा मूठभर घेऊन सरळ माझ्याकडंच आले, म्हणाले, "आ कर." निम्मं तोंडात, निम्मं मिशीला. आणि लगेच पाया पडायला वाकले! आमच्यात लहान-मोठं बघत नाहीत, समोरचा माउलीच, पण मीही त्याच वेळेला वाकलो आणि दोघांची डोकी अशी थडकली की मृदंगवाला हसायला लागला. वर बघून मामा विचारतात, "चार्जिंग किती हाय रे आता?" तेव्हा मात्र हसता हसता डोळ्यात पाणी आलं, विठोबासमोर न आलेलं.

मग फुगड्या. हुक्केरीकडच्या दोन अक्का होत्या, घरात बोलणं सगळं कानडी, पण अभंग तोंडपाठ, त्यांच्याबरोबर फुगडी धरून मी तिसऱ्या गिरकीला आडवा झालो. त्यानंतर पंगत, पुरणपोळीची.

आणि तेवढ्यावर संपत नाही बरं का. गावी परत आल्यावर वेशीवर पायावर पाणी घालून घेतात, आणि मग सवडीनं मावंदं असतंय, म्हणजे वारी सुखरूप झाली म्हणून घातलेलं जेवण. सगळ्या वाटसोबत्यांना आमंत्रण, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, भात, आमटी, आणि आल्या-गेल्याच्या हातावर पंढरपूरचे चुरमुरे-बत्तासे, कपाळाला बुक्का.

तुम्ही कधी जाणार असाल तर एकादशी झाली की बस पकडू नका, काल्यापर्यंत थांबा. मामा माझ्या मावंद्याला आले होते, तीन वाट्या हुग्गी खाल्ली. येत्या माघीला मी एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन चाललोय.