2200 कॅलरी खाऊनही वजन का थांबलं?

प्रश्न : मुलगी 17 वर्षांची. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसासाठी (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार) दवाखान्यात भरती होती, महिन्यापूर्वी घरी आणली. डाएटिशियनने ठरवून दिलेल्या 2200 कॅलरी माझ्यासमोर बसून खाते. आधी आठवड्याला अर्धा किलो वाढायचं, आता दोन आठवडे काटा 41 वरच. खाणं लपवत असेल का?
– एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, आधी हिशेब मांडू, संशय नंतर. उपाशी शरीर खर्च आवरतं : नाडी मंद, हातपाय गार. नियमित अन्न मिळू लागलं की नाडी वर येते, अंगात ऊब येते, काहींना रात्री दरदरून घाम फुटतो. तीच मुलगी बसल्या जागी जास्त ऊर्जा जाळते. त्यामुळे सूत्राने काढलेला कॅलरीचा आकडा सुरुवातीपुरताच. शिवाय सुरुवातीला वाढलेल्या वजनात बरंचसं पाणी असतं.

वजन हलत नाही, म्हणजे 2200 हा तिचा आजचा खर्च. एक किलो वाढायला साधारण 7000 कॅलरी जादा लागतात. आठवड्याला अर्धा किलो हवा तर रोज 500. म्हणजे 2700. पुढे 3000-3500 लागले तरी दचकू नका, या आजारातून सावरताना तेवढे लागतात.

डाएटिशियनला विचारून दर तीन-चार दिवसांनी 200-300 वाढवा. ताटाचा आकार वाढवू नका, पोट लवकर भरतं. वरणभातावर दोन चमचे तूप (90), मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी (170), रात्री म्हशीचं पेलाभर दूध (200 च्या वर) : झाले जवळपास 500. काकडी-कोशिंबीर आणि पातळ ताक जेवणाआधी नको, भूक तिथेच मरते. फुटाळा तलावावरचं फिरणं चालू असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. घरातल्या घरात सतत उभं राहणं, येरझाऱ्या, याकडेही लक्ष द्या.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी लघवीनंतर, त्याच हलक्या कपड्यांत. आधी लिटरभर पाणी प्यायली तर काटा किलोभर खोटं बोलतो. कॅलरीचे आकडे तुमच्या वहीत राहू द्या, तिच्या कानावर नकोत.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. मध्येच चार-पाच दिवस खाणं जवळजवळ सुटलं, तर घरी एकदम वाढवायचं नाही. उपासानंतर एकदम खाणं वाढलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरतं. आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. पायांवर सूज, धाप, धडधड किंवा गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर सकाळची वाट न पाहता मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.