मोटरबोटीचा वेग कमी केला तरी काठाला लाटा जास्त का लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला लागून शेत, 16 फुटी फायबर बोट, 40 एचपीचं इंजिन. काठावरच्या लोकांनी लाटांची तक्रार केली म्हणून तुम्ही वेग निम्म्यावर आणला, तर लाटा उलट वाढल्या. आता बोट चालवायची कशी?

तक्रार करणारे खरं बोलतायत आणि तुम्हीही. हीच चूक मी दोन उन्हाळे केली. बोट शिकलो मालवणात मामांकडे. तिथं समुद्र मोठा, मागं कोण आहे बघायची सवयच लागली नव्हती. इकडं खानापूर भागातल्या एका छोट्या तलावावर पाहुण्यांना फिरवायला लागलो, तेव्हा अक्कल आली.

बोटीचे तीन वेग असतात, असं धरून चाला. अगदी हळू जाताना ती पाणी बाजूला सारत जाते. खूप वेगात उचलली जाऊन पाण्यावरून सरपटते. मधल्या वेगात नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर, मागची बाजू खाली आणि बोट पाणी नांगरत जाते. सगळ्यात मोठी लाट याच नांगरणीतून निघते. तुम्ही पळणारी बोट निम्म्यावर आणलीत म्हणजे नेमकी नांगराला जुंपलीत.

ही हद्द कुठं लागते, त्याचा हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेली बोटीची लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 नं गुणा. 16 फुटांचं मूळ 4, म्हणजे 5.4 नॉट, ताशी साधारण 10 किलोमीटर. याच्या वर गेलात की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते. म्हणून काठाजवळ ताशी 6-7 च्या वर जाऊच नका. मागं वळून बघा, पाण्यावर पांढरा फेस दिसला तर अजून कमी करा. लाटेची उंची निम्मी झाली की तिची ताकद चौथाईवर येते, त्यामुळं थोडं कमी केलेलंही वाया जात नाही.

उथळ पाण्यात गणित आणखी बिघडतं. दोन मीटर खोलीवर ताशी 16 च्या आसपास, एक मीटरवर 11 च्या आसपास पाणी सगळ्यात जास्त फुगतं. उन्हाळ्यात तुमच्याकडं पाणी किती उतरतं, हे धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं तेव्हा सगळ्यांनाच दिसतं. पावसाळ्यानंतर जिथून बिनधास्त गेलात, तिथं मे महिन्यात पंखा गाळ घुसळतो आणि ओला काठ ढासळतो. पाणी उतरल्यावर तिथं कुणी काकडी-कलिंगड लावलं असेल तर शिव्या ठरलेल्या.

उचलून पळवायची असेल तर तलावाच्या मध्यावर, नाळ मोकळ्या पाण्याकडं ठेवून, नांगरणीचा टप्पा झटक्यात पार करा. इंजिनाचा कल आत (पंखा बोटीकडं) घ्या, माणसं पुढं सरकवा. सगळे पाहुणे मागच्या बाकावर बसले (फोटोसाठी तिथंच बसतात) की बोट उठतच नाही, जन्मभर नांगरत राहते. मग दोन फेऱ्या करा, पण माणसं कमी घ्या. आणि ‘एक राऊंड मारा की ओ’ म्हणून कितीही गळ घातली तरी रिंगण घालू नका. स्वतःच्याच लाटा एकमेकींवर चढतात. बांधाच्या दगडी पिचिंगवर आपटलेली लाट परतही येते, छोटा तलाव त्यानं बराच वेळ हिंदकळत राहतो.

आता माझी फजिती. एक म्हातारे मामा हरगोलात, त्या गोल बांबूच्या नावेत, जाळं ओढत होते. मी पळत आलो आणि सभ्यपणा दाखवायला अगदी त्यांच्या शेजारी येऊन एकदम थ्रॉटल सोडलं. बोट बसली, मागून माझीच लाट आली, थोडं पाणी आमच्या मागच्या फळीवरून आत आलं आणि उरलेली लाट मामांकडं गेली. हरगोल टोपलीसारखं गिरकी घेत कललं. ते स्वतः सावरले, पण पायाशी ठेवलेली बुट्टी उपडी झाली आणि सकाळभराची मासळी परत पाण्यात. ‘निधान, निधान!’ (कन्नडात ‘हळू, हळू!’) असं ते आधीपासून ओरडत होते, ते मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसाच्या मासळीचे पैसे दिले. घ्यायला तयार नव्हते.

तेव्हापासून समोर हरगोल दिसलं की बरंच आधी, शंभर मीटरवर तरी, वेग टप्प्याटप्प्यानं उतरवतो. लाट पुढं निघून जाऊ देतो, मग सावकाश लांबून वळसा. गेल्यावर लगेच थ्रॉटल देत नाही, कारण ते अजून मागंच असतात.

जाळी कुठं लागतात हे मासेमारांनाच विचारा. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या तर त्याखाली जाळं आहे, समजा. सकाळी जाळी काढायच्या वेळेला मी बोट काढतच नाही, दहानंतर काढतो. धुणं धुणाऱ्या बायका आणि म्हशी असतील त्या काठाला तर इंजिन बंद करून वल्ह्यानं लागतो.

परवानगीचं बघितलं असेलच. जलाशयावर मोटर चालवायला पाटबंधाऱ्याच्या लोकांना विचारावं लागतं आणि 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणीचंही विचारून घ्या.

उद्या एक करून बघा: भावाला काठावर एक काठी रोवून बसवा, तिच्यावर हाताच्या बोटाएवढ्या अंतरानं खुणा करा आणि तुम्ही ताशी 6, 12, 25 नं एकाच अंतरावरून जा. पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं ते तो सांगेल. बाराचा आकडा ऐकून हसाल.