‘व्हल्नरेबल’ला दुर्बल म्हणावे का?

प्रश्न : मी एका स्वयंसेवी संस्थेसाठी इंग्रजी अहवालांचे मराठी भाषांतर करते. वीक, फ्रेल, फ्रेजाइल, एक्स्पोज्ड आणि व्हल्नरेबल या पाचही शब्दांसाठी माझ्या हातून ‘दुर्बल’ किंवा ‘असुरक्षित’ यांपैकीच एक शब्द लिहिला जातो. आमच्या भागातील कातकरी समाजाला ‘दुर्बल’ म्हणताना तर मला फार अवघडल्यासारखे होते. या शब्दांतला फरक कसा ओळखावा?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : आपल्याला अवघडल्यासारखे होते ते योग्यच आहे, कारण तेथे खरोखरच अर्थाची चूक होत आहे. या पाच शब्दांपैकी पहिले तीन ज्याच्याविषयी वापरले जातात त्याच्या स्वतःच्या घडणीविषयी बोलतात. उरलेले दोन मात्र त्याच्यावर बाहेरून काय येऊन आदळू शकते याविषयी बोलतात. ‘वीक’ हा उत्तरेकडील नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी वाकण्याची, नमते घेण्याची कल्पना आहे; त्याला दुर्बल, अशक्त, दुबळा हे शब्द नेमके बसतात. ‘फ्रेल’ आणि ‘फ्रेजाइल’ ही तर भावंडे आहेत. ‘मोडण्याजोगा’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून दोन्ही निघाले. पहिला फ्रेंचमधून झिजत झिजत आला, दुसरा पुढे थेट लॅटिनमधून घेतला गेला. आज वृद्ध माणसाच्या शरीराविषयी ‘फ्रेल’ म्हणतात, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘तोळामासा प्रकृती’ हा सुंदर शब्दप्रयोग तयार आहे. काचेचे भांडे किंवा नुकताच झालेला युद्धविराम ‘फ्रेजाइल’ असतो. भांड्याला नाजूक म्हणावे आणि युद्धविरामाला तकलादू.

‘व्हल्नरेबल’चे मूळ ‘जखम’ या अर्थाच्या ‘व्हल्नस’ या लॅटिन शब्दात आहे. ज्याला जखम होऊ शकते तो व्हल्नरेबल. त्याच्या अंगी बळ आहे की नाही, याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. शस्त्र आत शिरू शकेल अशी जागा आहे, एवढेच तो सांगतो. गांधारीच्या दृष्टीने दुर्योधनाचे सारे शरीर वज्रासारखे झाले आणि झाकलेला भाग तेवढा तसाच राहिला, ही लोककथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्या दुर्योधनाला कोणी दुर्बल म्हणणार नाही, पण मांडीच्या ठिकाणी तो व्हल्नरेबल होता. आपल्या ‘वर्म’ या शब्दात ही कल्पना पूर्वीपासून आहे.

‘एक्स्पोज्ड’ आणि ‘व्हल्नरेबल’ यांतला फरक मला किल्लारीच्या भूकंपाच्या आधारे सांगावासा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावेच्या गावे हादरली. त्या पट्ट्यातील प्रत्येक माणूस ‘एक्स्पोज्ड’ होता, म्हणजे धक्क्याच्या आवाक्यात होता. परंतु दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेल्या घरांत जे झोपले होते, ते ‘व्हल्नरेबल’ही होते, हलक्या छपराखाली झोपलेल्यांना तेवढा धोका नव्हता. हजारो माणसे गेली ती मुख्यतः अशा जड घरांखाली सापडून. त्यांत गावातली धडधाकट, कष्टाळू, खात्यापित्या घरची माणसेही होती. त्यांना ‘दुर्बल’ म्हटले, तर दोष घराच्या बांधणीकडून माणसाकडे सरकतो, आणि असे होऊ देणे मला अन्यायाचे वाटते.

कातकऱ्यांच्या बाबतीत हेच घडते. केंद्र सरकारने काही जमातींसाठी वापरले जाणारे ‘प्रिमिटिव्ह’ हे विशेषण २००६ मध्ये बदलून ‘पर्टिक्युलरली व्हल्नरेबल’ असे केले. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्या यादीत आहेत. खैरापासून कात काढण्याच्या कामावरून ज्यांचे नाव पडले आणि ज्यांतील अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर राबतात, त्या माणसांच्या अंगात बळ कमी नाही. अनेक वाड्यांखालची जमीन त्यांच्या नावावर नाही आणि घेतलेली उचल फिटता फिटत नाही. घाव बसण्याची जागा ती आहे. म्हणून ‘दुर्बल जमात’ असे न लिहिता ‘शोषणाचा विशेष धोका असलेली जमात’ असे लिहावे. शब्द लांबतात हे खरे, पण ‘कशाचा धोका?’ या प्रश्नाचे उत्तर देणे त्यामुळे आपल्याला भाग पडते. इंग्लंडमध्येही ‘व्हल्नरेबल अडल्ट’ या संज्ञेने दोष पीडित व्यक्तीवरच येतो, असा आक्षेप घेतला गेला आणि तेथील २०१४ च्या केअर अ‍ॅक्टने ती संज्ञा बाजूला ठेवली.

‘असुरक्षित’ हा शब्द त्यामानाने बरा आहे, पण सर्वत्र चालत नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत बिबट्या ‘व्हल्नरेबल’ या श्रेणीत आहे. बिबट्यांच्या भीतीने वावरणाऱ्या जुन्नरच्या शेतकऱ्याला ‘असुरक्षित बिबट्या’ या शब्दांतून काहीच बोध होणार नाही, ‘नष्ट होण्याचा धोका असलेला’ यातून होईल. मात्र संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदात मूळ शब्दच ‘वीकर’ आहे, त्यामुळे तेथील ‘दुर्बल घटक’ बदलू नये.

प्रश्न : वडिलांच्या लघवीच्या कल्चर तपासणीत काही औषधांपुढे ‘ससेप्टिबल’ असे आले. शब्दकोशात ‘सहज बळी पडणारा’ हा अर्थ पाहून आम्ही घाबरलो. याचा अर्थ काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कृपया घाबरू नका. येथे सहज बळी पडणारे आपले वडील नाहीत, जंतू आहेत. ज्या औषधापुढे ‘ससेप्टिबल’ किंवा नुसते ‘एस’ हे अक्षर असते, ते औषध त्या जंतूवर चालण्याची शक्यता चांगली असते. ‘आर’ असेल, तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. औषध कोणते घ्यावे हे अर्थातच डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. ‘ससेप्टिबल’चा मूळ अर्थ ‘आत घेणारा, स्वीकारणारा’ असा आहे, त्यामुळे कोण काय आत घेतो आहे हे पाहिल्यावाचून या शब्दाचे भाषांतर करता येत नाही.

प्रश्न : ‘ड्रॉट प्रोन’साठी ‘अवर्षणप्रवण’ हा शब्द ओढूनताणून केलेला वाटतो. सोपा शब्द नाही का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मला तो ओढूनताणून केलेला वाटत नाही. संस्कृतात ‘प्रवण’ म्हणजे उतरता, एका बाजूला कललेला. लॅटिन ‘प्रोनस’ म्हणजेही पुढे झुकलेला, उताराकडे कललेला. दोन्ही शब्दांतील ‘प्र’ आणि ‘प्रो’ हे उपसर्ग एकाच मुळाचे आहेत. पाणी जसे उताराकडे जाते, तसे जे संकट पुन्हा पुन्हा एखाद्या प्रदेशाकडे वळते, त्याच्यासाठी हा शब्द आहे. म्हणून ‘दरडप्रवण’, ‘पूरप्रवण’ हे शब्द शोभतात. बोलताना मात्र आपल्या आटपाडी-जतकडचा माणूस ‘दुष्काळी भाग’ असेच म्हणतो, आणि शासकीय कागद सोडून इतरत्र आपणही तोच शब्द निःसंकोच वापरावा.